भात शिजेपर्यंतचं पुस्तक

ये पोरी, सरक जवळ. कागदातून कसं सरकायचं, असं विचारू नको. हातातलं काम खाली ठेव, तो टीव्ही बंद कर आणि नीट बसून वाच, म्हणजे जवळच झालं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. लहानपणी तुझी वेणी घालताना तू मान हलवायचीस तेव्हा मी टपली मारायची ना, तेवढंच भांडण; पण आहे भांडणच.

वाचनालयाच्या स्मरणिकेचा मजकूर तू पाठवलास, "मावशी, एकदा नजर टाका" म्हणून. टाकली. दोनदा टाकली. अध्यक्षसाहेबांचा पानभर फोटो आहे. भिंतीवरचं घड्याळ ज्यानं दिलं त्याचं नाव आहे, त्याच्या बापाचंही आहे. आणि ग्रंथपालांच्या यादीखाली ही ओळ आहे: "मध्यंतरी एका विक्षिप्त ग्रंथपालाने पुस्तके फाडून ग्रंथसंपदेची नासधूस केली, तथापि अध्यक्षांच्या दक्षतेमुळे संस्था सावरली."

काऊन वो, हे तू लिहिलंस? तू तर शिकलेली, ग्रंथालयाचा कोर्स केलेली. चंद्रपुरात बसून कोणाच्या तोंडून ऐकलंस? एस्टीनं दोन तासांवर तुझी मावशी जिवंत बसली आहे, तिला विचारायचं सुचलं नाही?

ती ओळ छापून गेली तर चाचा कायमचा पुस्तकं फाडणारा येडा म्हणून राहील. छापलेलं कोणी पुसत नाही. म्हणून हा कागद लिहिते आहे. मी लिहायला बसले की माझ्या 'मले'चं 'मला' होतं, पुस्तकं वाचून लागलेली खोड आहे ती. पण माणसं जशी बोलली तशीच लिहीन.

चाचा म्हणजे मशिदीमागच्या गल्लीतला. घराणं जिल्दसाजांचं, पुस्तकं-वह्या बांधणाऱ्यांचं. कचेरीतली दप्तरं, शाळेची हजेरीबुकं, सगळी त्याच्या बापानं बांधलेली. वाचनालयात तो आधी नुसता फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला यायचा. मग जुने ग्रंथपाल गुरुजी वारले, त्या जागेवर बसायला कोणी तयार होईना, तेव्हा कमिटीनं यालाच खुर्ची दिली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तो खुर्चीवर काही बसला नाही. खाली सतरंजी, पुढ्यात मैद्याच्या खळीची वाटी, मांडीवर पुठ्ठा, आणि टोपीत खोचलेल्या दोन सुया. एक बारीक आणि एक दाभणाएवढी. बोलताना मान हलवायची सवय. तो रंगात येऊन बोलायला लागला की समोरचा माणूस आपोआप हातभर मागं व्हायचा.

आणि त्याच्या आधी वाचनालय कसं होतं, ते ऐक. काचेची सहा कपाटं, सहाही कुलपात. किल्ल्या अध्यक्षसाहेबांच्या घरी. सकाळी चार पेन्शनवाले येऊन एकच पेपर वाटून वाचायचे आणि भिंतीवर पाटी: "शांतता राखा." बायका आत जायच्याच नाहीत. कशाला जातील? आत जाऊन चपला कुठं काढायच्या हेही माहीत नव्हतं आम्हाला.

मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन या गावात आले आणि राइस मिलमध्ये कामाला लागले. वाचता यायचं म्हणजे एस्टीची पाटी आणि औषधाच्या बाटलीवरचं. चाचा अर्ज लिहून देतो असं कळलं, म्हणून रेशन कार्डाच्या कामानं मी पहिल्यांदा तिथं गेले. अर्ज लिहिला त्यानं. मग वर न पाहताच म्हणाला,

"पुस्तक नेत नाई काय?"

"मले कुठचा वेळ, चाचा."

"किती वेळ नाई?"

मी चाटच पडले. वेळ किती नाही, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले, "उठलं का पानी, मंग चूल, मंग मिल..."

"चुलीपाशी काय करतेस?"

"भात मांडते."

"आन् भात शिजेवर?"

"काय करनार? लाकूड सारते."

"म्हंजे डोये रिकामे हायेत. थांब इथीच."

तो आत गेला आणि दहा-बारा पानांचं एक चोपडं घेऊन आला. लाल दोऱ्यानं शिवलेलं, कडा कापून सारख्या केलेल्या. म्हणाला, "हे भात शिजेवरचं हाय. उद्या आन, पुढचं देतो." कोणतं पुस्तक, कोणाचं, काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी माझा भात खाली लागला आणि नवऱ्यानं दोन गोष्टी ऐकवल्या. दुसऱ्या दिवशी मी चाचाला सांगितलं. तो खूश झाला. "मंग पाने दोन कमी करू," म्हणाला. "तुया भात लवकर शिजते."

अशी त्याची रीत. कोणतं पुस्तक हवं, हे तो कधीच विचारायचा नाही. "कुठी बसून वाचशील?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्यावरून तो चोपडं काढायचा. चुलीपाशी वाचणाऱ्याला लाल दोऱ्याचं, दहा पानांचं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात धानाच्या बांधीवर जेवायला बसतात तेव्हा वाचायला हिरव्या दोऱ्याचं, त्याला वरून मेणकागद, चिखलाचे हात लागतात म्हणून. एस्टीनं मूल गावाला जाणाऱ्याला निळ्या दोऱ्याचं, जरा मोठ्या अक्षरांतलं, कारण गाडी हादरते. आम्हा मिलवाल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत पुरेल असं पांढऱ्या दोऱ्याचं. दोरा सांगायचा कुठं वाचायचं ते. पुस्तकाचं नाव आणि कितवा तुकडा, हे आत, पहिल्या पानाच्या डोक्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. हे नीट ध्यानात ठेव.

आणि फाडलं म्हणतेस? तुला शिंप्याकडं कधी कपडा दुरुस्त होताना पाहायला मिळाला नाही काय? तो फाडतो का? उसवतो. जाड पुस्तक आतून तुकड्यातुकड्यांनीच शिवलेलं असतं, हे तुला कोर्समध्ये शिकवलं असेल, मला चाचानं सतरंजीवर बसून दाखवलं. पाठीवरची खळ ओल्या फडक्यानं भिजवायची, जुना दोरा सुईच्या टोकानं एकेक उचलायचा, आणि जिथं मूळची शिवण असेल तिथूनच पुस्तक मोकळं करायचं. एक पान कधी फाटलं नाही. पाचशे पानांचं पुस्तक एका माणसाच्या उशाशी महिनाभर पडून राहायचं, ते आता वीस घरांत फिरायला लागलं. "येक बकरा कापला त सारा मोहल्ला जेवते," म्हणायचा, "आन् इथी येकच मानूस पूर्न बकरा घरी नेऊन ठेवते, खात बी नाई."

आता यातून घोटाळे व्हायचे, नाही असं नाही. एकदा एका कादंबरीतली नायिका विहिरीत पडली. आमच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायची, बाकीच्या अकरा जणी भाकरी खात ऐकायच्या, त्यातल्या निम्म्या अंगठेवाल्या. तर ती बाई विहिरीत पडली, दोराला लटकली, आणि तुकडा संपला. पुढचा तुकडा आणायला गेले तर तो कंडक्टरच्या बायकोकडं, आणि ती गेलेली माहेरी सिंदेवाहीला. चार दिवस ती नायिका विहिरीत लटकून होती. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला जेवण जाईना. पाचव्या दिवशी ती थेट वाचनालयात गेली आणि चाचाला म्हणाली,

"तुले काई दयामाया हाय का नाई? जित्ती बाई हाय ते!"

"मी काय करू, आजी?"

"काढ तिले! नाई त मी इथून उठत नाई."

चाचानं सायकल काढली. भर उन्हात सिंदेवाहीला जाऊन तो तुकडा घेऊन आला आणि थेट मिलच्या फाटकावर येऊन उभा राहिला. त्या दिवशी सुट्टीचा भोंगा वाजून गेला तरी बाया उठल्या नाहीत. नायिका वर येईपर्यंत मिल बंद. मालकानं हे लक्षात ठेवलं. मिलचा मालक कोण, ते तुला माहीतच आहे. ज्याचा पानभर फोटो तू छापते आहेस, तोच. वाचनालयाचा अध्यक्ष आणि आमच्या पोटाचा धनी, एकच माणूस.

"शांतता राखा" ही पाटी चाचानं उलटी करून टांगली आणि मागच्या बाजूला लिहिलं: "मोठ्याने वाचा. शेजारच्याला ऐकू येऊ द्या." पेन्शनवाल्यांनी तक्रार केली. चाचानं त्यांना मागच्या ओसरीत वेगळी सतरंजी दिली आणि जाताना त्यांच्यातल्या एकाला हळूच म्हटलं, "भाऊ, तुमाले आयकू कमी येते, तुमाले कायचा तरास?"

पुस्तक परत आलं की तो डाग शोधायचा. हळदीचा डाग दिसला की म्हणायचा, "ह्या पानावर फोडनी टाकली." तेलकट बोट दिसलं, मोहफुलांचा वास आला, बांधीतला चिखल लागला, की त्याचा चेहरा फुलायचा. कोरंकरकरीत परत आलेलं चोपडं पाहून मात्र तोंड वाकडं. "वाचलं नाई वो तू. आरशावानी नुसतं पाहून आनलं." आणि बाळंतपणाच्या पुस्तकातला नाळ कापायचा तुकडा, चित्रांचा, तो खालच्या मोहल्ल्यातल्या सुइणीकडं दिला तो दिलाच. दाखल नोंदवहीत त्याच्यापुढं लिहिलं होतं: "कामावर आहे." परत मागितला नाही कधी.

मग पुढंपुढं लोकांची गरज बदलली. कादंबरीपेक्षा पोट्ट्यापोट्टींना परीक्षेची पुस्तकं हवी झाली. बाहेरून दहावीला बसायचं, भरतीला जायचं. कमिटीकडं चाचानं दहा गाइडं मागितली, एक मिळालं. त्यानं तेही उसवलं. गणित एका गावात, विज्ञान दुसऱ्या गावात, आणि दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन हा स्वतः अदलाबदल करायला जायचा. जंगलातल्या एका गावची पोट्टी होती, घरात गोंडी बोलणारी, माय-बाप मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारे. शाळा सुटून तीन वर्षं झालेली. बाहेरून दहावीला बसली होती. तिच्या गावापर्यंत एस्टी जात नव्हती. नाक्यावर उतरून चालत जायचं. चाचा जायचा. इतिहास समजला का विचारायचा, विज्ञान देऊन यायचा. ही वाचनालयाची नोकरी आहे का, असं मी एकदा त्याला चिडवलं. तो म्हणाला, "कपाट त चालत नाई वो बाई. मले पाय हायेत."

त्याच वर्षी अध्यक्षसाहेबांच्या डोक्यात घुसलं की वाचनालय 'ड' वर्गातून वरच्या 'क' वर्गात न्यायचं, म्हणजे सरकारी अनुदान वाढतं. तपासणीला सरकारी साहेब येणार, फेब्रुवारीत. कमिटीनं चाचाला सांगितलं, सगळे तुकडे परत मागव आणि पुस्तकं होती तशी बांध. चाचा म्हणाला, बांधतो, एप्रिलात बांधतो. आता परीक्षा आहेत. अध्यक्ष म्हणाले, साहेब एप्रिलात येणार नाहीत. चाचा म्हणाला, मग त्यांना सांगा की पुस्तकं वाचायला गेली आहेत. यात लपवायचं काय आहे? आणि गुरुवार होता, म्हणून तो पिशवी घेऊन जंगलातल्या गावाला निघून गेला.

आता इथून पुढचं नीट वाच, कारण हे तुला कोणीच सांगितलेलं नाही.

तो गेल्यावर अध्यक्षांनी मिलची माणसं मोटारसायकलवर घरोघर पाठवली. चुलीपाशी ठेवलेली, पेटीत ठेवलेली, बांधीवरच्या खोपटात खोचलेली, सगळी चोपडी गोळा केली. सुइणीकडचा तुकडासुद्धा. ती म्हणाली, माझ्या बाईचे दिवस भरले आहेत. त्यांनी ऐकलं नाही. दुपारी मिलच्या अंगणात, जिथं धान वाळत घालतात, तिथं तीन-साडेतीनशे चोपड्यांचा ढीग पडला. आणि आम्हा बारा जणींना काम सोडून तिथं बसवलं. दाभण आणि सुतळी. पोती शिवायला वापरतो तीच. अध्यक्ष स्वतः उभे.

"येका रंगाचे येका ठिकानी करा आन् शिवून टाका. लाल लालासंग, हिरवा हिरव्यासंग. उद्या सकाळी साहेब येऊन राह्यले."

पोरी, वाचनालयाच्या अध्यक्षानं आयुष्यात त्या वाचनालयातून एक पुस्तक नेलेलं नव्हतं. त्याला वाटलं, एका रंगाचं एक पुस्तक. त्याचं तरी काय चुकलं, असं म्हणशील. विचारायचं होतं! तिथं बारा बाया बसल्या होत्या, बाराही जणींना रंगाचा अर्थ माहीत होता. मी म्हटलंसुद्धा,

"मालक, रंग म्हंजे पुस्तक नाई. नाव आत लिवलं हाय. लाल म्हंजे चुलीपाशी..."

"चुलीपाशी? पुस्तकं चुलीपाशी ठेवत होता तो?"

"तसं नाई, मालक. आत पाहा, पयल्या पानावर..."

"तू मले वाचाले शिकवतेस? शिवायचं असन त शिव. नाई त उद्यापासून घरी बस."

मी शिवलं. मला वाचता येत होतं. माझ्या मांडीवर राजकन्येच्या गोष्टीचा पहिला तुकडा होता, त्याच्यावर मी नाळ कापायचा तुकडा ठेवला, त्याच्यावर भेंडीवरच्या किडीचा, आणि दाभण आरपार घातला. शेजारची म्हातारी, तीच विहिरीवाली आजी, तिला अक्षर येत नव्हतं, पण कोणतं चोपडं कशाचं ते तिला चित्रांवरून आणि डागांवरून ओळखू येत होतं. ती शिवत होती आणि पुटपुटत होती, "हे त्याचं नाई, हे त्याचं नाई." तरी शिवत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही पंधरा-वीस लठ्ठ गठ्ठे तयार केले. अध्यक्ष खूश. "आता कसं दिसते पुस्तकावानी!"

सकाळी साहेब आले. आम्हा चार जणींना चहा-पोह्यांसाठी बोलावलं होतं, म्हणून मी दारात होते आणि सगळं पाहिलं. साहेबांनी आधी कुलपातली पुस्तकं पाहिली, जी चाचानं अजून उसवली नव्हती. काढून पाहिली, पानं करकर वाजली. म्हणाले, "वा! उत्तम निगा." मी मनात म्हटलं, निगा? त्या पुस्तकांना तुमचाच पहिला हात लागून राहिला आहे. न वाचलेल्या पुस्तकाचं कौतुक करायला सरकार माणसं पाठवतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मग त्यांनी लाल गठ्ठा उचलला आणि मोठ्यानं वाचलं. "राजकन्येने गवाक्षातून खाली पाहिले." पान उलटलं. "पाते दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावे." आणखी उलटलं. "मावा दिसताच पाने खुडावीत." साहेबांना आधी हसू आलं. मग त्यांनी तसेच आठ-दहा गठ्ठे पाहिले आणि हसू गेलं.

"हे कोणी केलं? ग्रंथपाल कोण आहे?"

चाचा तेवढ्यात एस्टीतून उतरून आला होता. पिशवी खांद्यावर, पायावर धूळ. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो पुढं झाला, गठ्ठा हातात घेतला, आणि मी पाहिलं पोरी, त्यानं आधी मजकूर वाचलाच नाही. त्यानं शिवण पाहिली. सुतळी पाहिली. बोट फिरवलं टाक्यांवरून. एक लांब, एक आडवा, पोत्याचं तोंड शिवतात तसे. मग मान वर करून दाराकडं पाहिलं. आमच्या चौघींकडं. आमच्या हातांना दाभणाच्या भोकांवर हळद लावलेली होती.

अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "साहेब, मी केव्हाचा सांगून राह्यलो, याचं डोस्कं ठिकानावर नाई."

चाचा साहेबांना म्हणाला, "माहंच काम हाय, साहेब."

बस. एवढंच. ज्या माणसाचा एक टाका कधी वाकडा गेला नाही, तो त्या सुतळीच्या टाक्यांना आपले म्हणाला. त्यानं खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी आम्ही बारा जणी घरी बसलो असतो. आणि मी? मी हातात पोह्यांचं ताट धरून उभी होते.

साहेबांनी यादी ताडली. "दहावीचं गाइड. विज्ञानाचा भाग नाही. कुठं आहे?"

"वाचून राह्यली साहेब."

"कोण?"

"जिची परीक्षा हाय ते."

"आजच्या आज मागवा."

"परीक्षा झाल्यावर आनतो. आज नाई."

तेवढ्या एका वाक्यावर त्याचं काम गेलं, असं कमिटीवाले नंतर सांगत फिरले, उद्धटपणा केला म्हणून. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं, ग्रंथपालानं पुस्तकांची नासधूस केली. तुझी स्मरणिकेतली ओळ तिथूनच आली आहे, मला ठाऊक आहे. पण शेरा लिहिणाऱ्यानं फक्त गठ्ठे पाहिले होते. तू तर या गावची आहेस.

पुढच्या वर्षी वाचनालय 'क' वर्गात गेलं. कोरी पुस्तकं आली, कुलपात गेली. पाटी पुन्हा सुलटी झाली. आमचे गठ्ठे निकामी म्हणून गाडीवर टाकून कुठं नेले कोण जाणे. ती जंगलातली पोट्टी दहावी पास झाली. परीक्षा संपताच, एप्रिलच्या उन्हात नाक्यापर्यंत चालत, पुढं एस्टीनं येऊन तिनं विज्ञानाचं चोपडं परत आणून दिलं, कारण चाचाला कबूल केलं होतं. खुर्चीवर नवा माणूस होता. त्यानं उलटंपालटं करून विचारलं, "हे कायचं हाय?" आणि टेबलाखालच्या रद्दीच्या टोपलीत टाकलं. ती रडत माझ्याकडं आली. मी तिला जेवू घातलं, आणखी काय करणार होते? टोपलीतून ते चोपडं उचलून आणण्याची हिंमतही मला तेव्हा झाली नाही.

चाचा वडशाला लेकीकडं गेला. दोन-तीन वर्षांनी बहिणीकडं म्हणून मी हिवाळ्यात वडशाला गेले, तेव्हा त्याला शोधून काढलं. झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस, गावभर नाटक कंपन्यांचे फलक, आणि हा एका कंपनीच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसलेला. नाटकाचं पुस्तक उसवून प्रत्येक नटाला त्याच्या त्याच्या प्रवेशांचं चोपडं शिवून देत होता. दोन सुया टोपीत. नट येऊन हात जोडून चोपडी घेऊन जात होते. इथं त्याला कोणी येडा म्हणत नव्हतं. इथं तर हेच काम रीतीचं होतं!

मी समोर बसले आणि म्हटलं, "चाचा, ते टाके माये होते."

"मले मालूम हाय."

"तू सांगतलं काऊन नाई?"

"तू काऊन नाई सांगतलं?"

त्यानं सुईत दोरा ओवला. मग एकदम चिडला, खरोखर चिडला, टोपीतल्या सुया हलायला लागल्या. "पन काय वो बाई, तेवढे लांब टाके? पुस्तक होतं का तांदळाचं पोतं होतं ते? आठ पानाले तीन टाके लागते, हे पाहून पाहून बी शिकली नाई?" आणि त्यानं मला सुई दिली, चोपडं दिलं, आणि अंधार पडेपर्यंत बसवून नीट टाका घालायला शिकवला. नोकरी गेली त्याबद्दल अवाक्षर नाही. टाक्यांबद्दल मात्र वडशाहून निघताना एस्टीत बसले तरी खिडकीतून बोलत होता.

तो गेला त्याला आता तीन वर्षं झाली. मातीला मी जाऊ शकले नाही.

म्हणून पोरी, ती ओळ काढ. नुसती काढू नको. तिथं लिही, की या ग्रंथपालानं पुस्तकं घरोघर पोचवली, आणि ती चुकीची शिवली गेली ती अध्यक्षांच्या हुकमानं, मिलच्या अंगणात, आमच्या हातांनी. चाचाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तू त्याच्या लेकीला वडशाला जाऊन विचार आणि यादीत गुरुजींच्या खाली, त्याच्या जागी लिही. शिवणाऱ्या हातांत माझं नाव आधी घाल. मिल आता बंद आहे, मला कोणी घरी बसवू शकत नाही. मी घरीच बसले आहे. अध्यक्षसाहेब रागावतील, तुझी स्मरणिकेच्या कमिटीतली जागा जाईल, अशी भीती वाटते ना? वाटू दे. मलाही वाटली होती. तिच्यापायी काय करून बसले, ते आत्ताच वाचलंस.

आम्हा बारा जणींतल्या सात अजून आहोत. एकीला दिसत नाही, एकीला चालता येत नाही, पण सगळ्यांना आठवतं आहे, आणि सगळ्या बोलायला तयार आहेत. मी घरोघर जाऊन विचारून आले. येत्या मंगळवारी माझ्या अंगणात बसणार आहेत. तू ये. छापखान्यात काही देण्याच्या आधी ये. सकाळच्या पहिल्या एस्टीनं ये, म्हणजे सगळ्यांचं ऐकून होईल. वही आण, पेन दोन आण. मी भात मांडून ठेवते.